हात जोडून आलेले घरमालक

—न्हाई, हात खाली घ्या आदी, आण्णा. आन् फुडचं बोलायची तसदी बी घेऊ नका. ‘रूपालीताई, क्षमा करा’ एवढं म्हणालात, मला सगळं पोचलं. मी काय आज आलेय व्हय या कामात? आमच्या हापिसात घरमालक येतोय ते दोनदाच — एकदा खोली द्यायला, तवा पाय पसरून बसतोय आन् अटी सांगतोय. दुसऱ्यांदा खोली काढून घ्यायला, तवा हात जोडून येतोय. शिव्या देणारा मालक परवडला. त्याच्याशी भांडता येतंय, आठवडाभर मागून घेता येतोय. हात जोडणाऱ्याचं घरातनं निघतानाच ठरलेलं असतंय, त्याला नुसता निरोप द्यायचा असतोय. बसा. उभ्यानं कशाला खोली काढून घेताय, बसून घ्या. पंखा लावते. काल रातभर गणपतीच्या मिरवणुकीचा डीजे, अजून कान वाजत्यात माझं, त्यामुळं जरा मोठ्यानं बोलते — रागानं न्हवं. बरं, रागानं बी हाय म्हणा.

पाणी घ्या. — नको? ऱ्हाऊ द्या तसंच. मला ठावं हुतंच. पेला असा दोन बोटांनी जरा पलीकडं सारायचा, लय बघितलंय मी. या हापिसात पाणी पीत न्हाई कोण. वीस लिटरचा जार आणतो आमी, संपता संपत न्हाई, शेवटी मीच त्यानं फरशी पुसते. पुण्यासनं प्रोजेक्टच्या मॅडम येत्यात तपासायला — भेदभाव कसा करायचा न्हाई ते आमाला शिकवत्यात, फळ्यावर चित्रं काढून, आन् मधीच पर्समधनं स्वतःची बाटली काढून दोन घोट घेत्यात. एक डिसेंबरच्या आमच्या कार्यक्रमाला एक पुढारी बोलावलं तर ते म्हणालं, ‘हे आपलेच बांधव आहेत, यांना जवळ घ्या’ — लय टाळ्या पडल्या — आन् चहा आला तर म्हणे, मला ॲसिडिटी हाय. तवा तुमी वाईट वाटून घेऊ नका आण्णा, तुमी लय मोठ्या माणसांच्या पंगतीत बसलाय.

आता तोंड उघडताय आन् मिटताय, उघडताय आन् मिटताय — शब्द सापडंना व्हय? मी देते की. एचआयव्ही. तुमच्या खोलीतल्या पल्लवीला एचआयव्ही हाय. ह्ये बघा, म्हटलं, आन् जीभ हाय तितंच हाय माझी. तुमी बी म्हणून बघा, काय हुत न्हाई. दाराकडं बघू नका, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला म्हाईत न्हाई हितं काय चालतंय ते. भायेर बोर्डावर ‘निवारा व आरोग्य सहाय्य केंद्र’ एवढंच लिवलंय, त्यामुळं निम्मी सांगली हितं घरकुलाचा अर्ज भरायला येती आन् निम्मी बीपी मोजायला. मी दोन्हीला न्हाई म्हणत न्हाई. बीपीचं मशीन ठेवलंय, तुमचं बी मोजू का? रंग उतरलाय तुमचा.

कसं कळालं तुमाला ते बी मीच सांगते. तुमच्या मंडळींनी, शालनकाकींनी वळखलं असणार, गोळीवरनं. पल्लवीला थायरॉईड हाय म्हणून मीच तुमाला सांगितलं हुतं न्हवं? आता लपवून काय करू — आमच्याकडच्या सगळ्या बायका थायरॉईडच्या असत्यात आन् बाप्ये बीपीचे. आजार कसा निवडायचा, त्याची बी एक रीत हाय. मालकाच्या घरात जो आजार हाय तोच भाडेकरूला द्यायचा, म्हंजे भ्या वाटत न्हाई, उलट माया येती. तुमच्या काकींना थायरॉईड हाय म्हटल्यावर मी मनात म्हटलं, पोरीचं नशीब उघडलं. आन् उघडलं की, जरा जास्तच उघडलं. पल्लवीनं बाजारातनं कोबीचा गड्डा आणला तर काकी म्हणत्यात कशा, ‘थायरॉईडला कोबी वंगाळ, दे टाकून म्हशीला,’ आन् आपल्या घरातली दोडक्याची भाजी वाटी भरून हिच्या दारात. पल्लवी मला फोन करून हसायची — ताई, मला नसलेल्या आजाराचं पथ्य चाललंय, आन् असलेल्याचं कुणाला सांगता ईना. हसता हसता रडायची बी. पण थायरॉईडची गोळी घ्यायची असती सकाळी, उपाशीपोटी, आन् पल्लवीची हाय रातची. काकींना स्वतःला रोजची सवय, त्यांच्या ध्यानात येणारच की. मी तिला सांगितलं हुतं, बाटलीवरचा कागद खरवडून काढ, आत कापूस घाल म्हंजे वाजायची न्हाई. सगळं केलं बिचारीनं. येळ तेवढी चुकली.

न्हाई, थांबा, मला बोलू द्या. तुमचं झालं की बोलून, ‘क्षमा करा’ म्हणालात त्यात आलं सगळं. आता माझी पाळी. गेल्या साली खोली बघायला आले तवा तुमी मला अंगणात उभी केलीत आन् काय काय इचारलंत, आठवतंय का? जात काय, एकटी बाई कशी, नवरा कुटाय, माणसं कोण येणार-जाणार. अंडं-मटण चालणार न्हाई, कांदा-लसूण चालणार न्हाई, दिवस मावळायच्या आत चूल बंद. मी म्हटलं, व्हय आण्णा, व्हय आण्णा. मंग तुमी मला इचारलं, ‘तू कोण तिची? दलाल का?’ चारचौघांत. तुमचे भाऊबंद बसले हुते कट्ट्यावर, ते हसले. मी मलकापुरातनं कराडच्या कॉलेजात जाऊन समाजकार्य शिकलेली बाई, आई अजून सांगती गावात, पोरगी सांगलीत सायेब हाय म्हणून — आन् मी तुमच्या अंगणात दलाल होऊन उभी. म्हटलं, व्हय आण्णा, दलाल म्हणा. खोली मिळाली न्हवं, मंग काय बी म्हणा. पण ती पल्लवी — आटपाडीकडची धनगराची लेक, तांबड्या रश्श्याशिवाय घास उतरत न्हाई जिच्या माहेरात — तिनं तुमच्या खोलीसाठी वरीसभर अंडं डोळ्यानं बघितलं न्हाई. शेडवर बेदाणा निवडायला जाती, तितं बायका डब्यात सुकट आणत्यात, ही लांब जाऊन बसती. इचारलं तर म्हणती, वास घेऊन घरात गेले आन् काकींना आला म्हंजे? एवढं तर तुमची सून बी करणार न्हाई.

आन् आता तिला काढा. काढा की. ही काय पयली खोली न्हाई तिची. नवरा गलाईच्या कामाला हुता कोइमतुरात, सोनं-चांदी गाळायला, ती बी तितंच हुती लगीन झाल्यापास्नं. तो आजारी पडून वारला तवा सासरच्यांनी प्रेत आणलं, दिवस केलं, आन् तेराव्याला हिची पेटी गोठ्यात ठेवली. घरात न्हाई, गोठ्यात. तितनं ती माझ्याकडं आली. पयली खोली दिली ती सिव्हिलजवळ — मालकिणीची भाची दवाखान्यात कामाला, तिनं हिला गोळ्यांच्या रांगेत बघितलं, संध्याकाळी सामान रस्त्यावर. मंग इस्लामपुरात लावली, तितं दिराच्या वळखीचं कोण निघालं. मंग मिरजेत, तितं मालक लय भला माणूस — हात जोडले त्यानं तुमच्यासारखेच, म्हणाला ताई, माझं कायी न्हाई हो, पण बायको ऐकत न्हाई. सगळ्या भल्या माणसांच्या बायका ऐकत न्हाईत, हा बी एक आजारच हाय, त्याच्यावर गोळी निघाली न्हाई अजून. मिरजेतनं निघाली ती पल्लवी कुणालाच सापडली न्हाई. फोन बंद. गोळ्या बंद. मी सोलापूरपतुर शोधत गेले. सापडली कुटं, तर हितंच, बसस्टँडच्या मागं, एका टपरीवालीच्या पडवीत — टीबी झालेला, अंगावर मांस न्हाई, मला वळखंना. म्हणाली, ‘ताई, आता परत खोली बघू नका. परत काढलं तर मी गोळी घेणार न्हाई, सरळ हितंच मरते.’ तिला उभं करायला किती दिस गेलं ते माझं मला म्हाईत. आन् मंग तुमची खोली मिळाली. म्हणून मी व्हय आण्णा म्हणत हुते. मला काय हौस न्हवती दलाल व्हायची.

आता चांगली हाय ती. तुमी रोज बघताच की, तुमच्याच अंगणातनं जाती-येती. अंग धरलंय, गालावर तकाकी आलीय, काकींच्या संगं बसून शेवया करती. डॉक्टर सांगत्यात, रक्त तपासलं तर विषाणू सापडंना इतका कमी झालाय, हिच्याकडनं कुणाला कायी हुत न्हाई — ते तर शेवयाच्या पाटावरनं तसं बी कवाच हुत न्हवतं, पण लोकांना पाटाचं, पेल्याचं, संडासाच्या भांड्याचंच भ्या. डासाचं बी इचारत्यात मला. शिकलेली माणसं इचारत्यात, डास चावला तर? मी म्हणते, डासाला म्हाईत हाय कुणाला चावायचं ते, तुमी निवांत झोपा. आन् कायदा सांगायचा तर — दोन हजार सतराचा कायदा हाय आण्णा, या कारणावरनं भाडेकरू काढता येत न्हाई, गुन्हा हाय तो. हे मी सगळ्या मालकांना सांगते. सगळे म्हणत्यात, तसं न्हवं हो ताई, मुलाचं लगीन काढलंय, खोली लागणार. कायदा झाल्यापास्नं सांगली जिल्ह्यात मुलांची लय लग्नं व्हायला लागल्यात बघा.

माझं बी ऐका. मी ऱ्हाते कुटं, ठावं हाय? विश्रामबागेकडं, भाड्यानं, दोन खोल्या. माझ्या मालकिणीला काय वाटतंय मी काय करते? बचत गटाचं काम. सहा वर्सं झाली, बचत गट. दिवाळीला मी तिला गटाच्या बायकांच्या चकल्या म्हणून दुकानातनं आणून चकल्या देते. कारण पयल्या घरात मी खरं सांगितलं हुतं — असल्या माणसांच्यात काम करते म्हणून — आन् माझ्या हळदी-कुंकवाला एक बाई आली न्हाई. तिळगूळ तसाच डब्यात. तवापास्नं बचत गट. दिवसभर मी लोकांना सांगत फिरते लाजू नका, लपवू नका, आन् रात्री घरी गेले की स्वतः लपते. ह्ये तुमाला का सांगाय लागले मी? जाऊ द्या. डीजेनं डोकं फिरलंय.

काय म्हणताय? मोठ्यानं बोला. — क्षमा मागायला आलो, ते कळालं की मघाच. — कशाची म्हणालात? दलाल म्हणालो त्याची? ती कशाला आता, वरीस झालं त्याला, आन् खोली काढून घ्यायची ती घेताय वर दलालाची क्षमा — काय? दहा दिस पर्व झालं. बरं. आन् ते संपलं की एक दिस क्षमेचा. व्हय, आयकून हाय मी. तुमच्या जैनांत ज्याचं ज्याचं मन दुखावलं त्याच्या दारात जायचं, हात जोडायचं. आज हाय तो? — व्हय, काल अनंत चतुर्दशी झाली म्हंजे आजच असणार. आन् पाणी? — दिवस मावळला म्हणून. व्हय. तुमी दिवस मावळल्यावर पाणी घेत न्हाई. व्हय की.

आन् खोलीचं?

खोलीचं कायीच न्हाई? काकींनी गोळीचं काय — न्हाई. काकी कायीच बोलल्या न्हाईत. तुमाला कायीच —

थांबा हं जरा. पंखा बंद करते. लय आवाज करतोय.

हे बघा आण्णा, मी मघाशी जे बोलले ते — ते दुसऱ्या पल्लवीचं. आमच्याकडं लय पल्लव्या हायत. नाव तसं लय चालतंय आजकाल. ती दुसरी पल्लवी कुपवाडला ऱ्हाती, तिच्या मालकीणबाईला बी थायरॉईडच — आन् मला वाटलं तुमी तिचे — न्हाई. न्हाई पटत. बरोबर हाय, तुमच्या अंगणाचं, शेवयाचं, कोबीच्या गड्ड्याचं सगळं वाचून दाखिवलं मी. भाषण दिलं. नावासकट. ज्याला कायी ठावं न्हवतं त्याला बसवून, पंखा लावून, पाणी देऊन. वर म्हटलं, मला बोलू द्या, तुमी थांबा. तुमी चारदा तोंड उघडलं हुतं, व्हय. मी बघितलं. मला वाटलं तुमाला लाज वाटती.

सतराचा कायदा सांगितला न्हवं तुमाला मी? त्यात दुसरं बी हाय. त्या माणसाला इचारल्याशिवाय त्याचं दुसऱ्याला सांगायचं न्हाई, तो बी गुन्हा. आमाला ट्रेनिंगमधी पयल्या दिवशी शिकिवत्यात. मी स्वतः शिकिवते नव्या पोरींना — डोळं मोठं करून, बोट नाचवून. पयला गुन्हा तुमी केलाच न्हाई अजून, आन् दुसरा मी करून बसले. आन् मला चांगली मास्तरीण म्हणत्यात.

बोला की कायतरी. — न्हाई, तसं नका बोलू, घाईनं नका बोलू. उद्या बोला. उद्या न्हाई, परवा. आण्णा, मी तुमच्या पाया पडते, तिला काढू नका. मी चेष्टेनं बोलत हुते ते सगळं सोडा, मुलाचं लगीन आन् पुढारी आन् डास — ते माझं तोंडच तसं हाय, आतनं भ्याले की असंच चालतंय. तुमी सगळ्या जीवांची क्षमा मागता म्हणं आज, मुंगीची, झाडाची, पाण्यातल्या बारक्या जीवांची, न दिसणाऱ्यांची बी. एवढ्या गर्दीत एक भाडेकरू बसंल की कुटंतरी. — काय? काकींना सांगायला पायजे? आण्णा, का? — लग्नापास्नं त्यांच्यापासनं कायी लपिवलं न्हाई. बरं. छान हाय. मला लय आदर हाय असल्या संसाराचा. पण एक रात तरी —

थांबा. फोन. पल्लवीचाच. आता या येळला.

हां, बोल गं. — न्हाई, हापिसातच हाय. — एकटी. व्हय, एकटीच. — कोण आलं? काकी? खोलीत आल्यात? — तुझ्यापुढं हात जोडल्या. तुझ्यापुढं. — काय म्हणाल्या? ‘वरीसभरात माझं कायी चुकलं असंल, तुझं मन दुखावलं असंल तर’ — अगं मंग रडायला काय झालं? — व्हय. व्हय, तुझ्यापुढं कुणी हात जोडले न्हाईत आजपतुर, बरोबर हाय. सगळ्यांनी माझ्यापुढंच जोडले. — आता कुटं हायत त्या? पाटावर बसल्यात. — काय करणार हायस? पल्लवी, थांब. — न्हाई, चूक न्हाई. चूक कसं म्हणू. त्यांनी हात जोडले आन् तू थायरॉईड सांगून बसलीस, तुला ते सोसंना, कळालं मला. — व्हय, मीच सांगितलं हुतं. ज्या दिवशी तुला वाटंल त्या दिवशी, तुझ्या तोंडानं, दुसऱ्या कुणाच्या न्हाई. मीच सांगितलं हुतं. — भ्या वाटत न्हाई तुला? — अगं, पण काढलं तर? — ‘काढलं तर काढलं, पण यावेळी मी सांगितलं म्हणून काढलं असंल.’ — पल्लवी. ऐक, तू सांगायच्या आदी मला तुला एक सांगायचंय. आज हितं मी — पल्लवी? ऐकतीस का? —

ठेवला.

ठेवला तिनं. सांगणार हाय ती. काकींना. आता सांगत असंल. मिरजेत मालकानं हिला इचारलं तवा ही मान खाली घालून गप बसली हुती. आन् आज कुणी इचारलं नसताना स्वतः म्हणती, सांगते. कुणी तिला नेलं न्हाई, कुणी ढकललं न्हाई. सगळ्यांनी तिचं घेतलंच — नवऱ्यानं आजार दिला, सासरनं दार लावलं, मालकांनी खोल्या घेतल्या — ही एकच गोष्ट तिच्या हातात शिल्लक हुती, आपलं आपण सांगायचं. आन् ती मी हितं पंख्याखाली बसून उधळली, तुमच्यापुढं, नुसती जीभ वळवळली म्हणून. मला लाज वाटती आण्णा. खरं सांगते, लय लाज वाटती.

बसा, उठू नका. एक मागते तुमच्याकडं. खोली मागत न्हाई. खोलीचं तुमचं आन् काकींचं तुमी बघा, घरात बसून ठरवा, उद्या हात जोडून या न्हाईतर दार आपटा, मी हायेच, परत दुसरी खोली बघीन, दलालच हाय मी. पण घरी गेल्यावर तुमाला आदीच ठावं हुतं असं दावू नका. पल्लवीनं सांगितलं, तवाच कळालं. तिच्यासमोर बी तसंच, काकींसमोर बी तसंच. मी तुमाला कायी बोलले न्हाई, तुमी क्षमा मागितली, मी दिली, झालं. — व्हय, खोटं हाय. मला ठावं हाय तुमच्या त्या दहा दिसांत एक दिस सत्याचा असतोय, काकींनीच शिकिवलंय पल्लवीला, मला तिनं सांगितलं हुतं फोनवर. बाकीचे नऊ पाळा तुमी. एक माझ्या नावावर लिहा. मी थायरॉईडवाली बाई, माझ्या नावावर हाय तसं बी लय, त्यात एकानं काय वाढतंय. पण तिचं तिला परत मिळू द्या.

मान हलवू नका अशी, मला कळत न्हाई ती व्हय हाय का न्हाई हाय. तुमच्या मानंवरनं, हातावरनं, तोंडावरनं कायी वाचायचं मी आजपास्नं सोडलं. तोंडानं सांगा. — अजून काय न्हाई. इचार करताय. करा. मिरजेचा तो मालक बी इचार करतो म्हणाला हुता. न्हाई, परत तेच, माझं तोंड — तुमी करा इचार. निवांत करा.

तुमचा वाजतोय. खिशात. — तुमचाच हाय, माझा हितं हाय टेबलावर. काकी असणार. सांगून झालं असणार तिचं. — बघताय काय नुसतं नावाकडं? उचला. तिकडं पल्लवी समोर बसली असंल त्यांच्या, पदर तोंडाला लावून, तुमचा आवाज ऐकायला. काकी सांगत्याल. तुमी आदी ‘काय?’ म्हणा. तेवढं म्हणा, फुडचं तुमचं तुमी. उचला आण्णा. मी आता एक अक्षर बोलत न्हाई.